चहाची पाळी

वेंगुर्ला बंदरावर, जुन्या बर्फकारखान्यामागे
बुधवारचं आमचं मंडळ.
चहाची पाळी माझी. कुणाला साखर किती
ते पाठ आहे; माझ्या गोळ्यांची नावं
अजून नाहीत.

तारी जाळं सांधतो.
तीन वर्षं दर्यावर गेला नाही,
गाठ मारताना मात्र हात थरथरत नाही.
फिलोमिना कॅरममध्ये लबाडी करते,
सगळ्यांना दिसतं.

गेल्या बुधवारी मी गेलो नाही.
भिंतीकडे तोंड, दाराला कडी.
दिवेलागणीला खिडकीशी तारी.
कसा आहेस, असं काही नाही.
"चाय आज फिलोमिनान केल्यान.
कोणाच्या घशाखाली उतराक नाय."

मी कडी काढली.
जाळं तो खांद्यावर घेऊनच आलेला.
पायरीवर बसला, एक टोक माझ्याकडे टाकलं.
"धर."
डास फार होते. कुणी उठलं नाही.