अंशतः मंजूर

वरच्या कोर्टात माणसं बोलत नाहीत.
त्यांचं बोलून झालेलं असतं खाली,
तालुक्याला, पिंजऱ्यात उभं राहून.
रत्नागिरीला आमच्याकडे येतं ते गाठोडं:
लाल फडकं, पांढरी दोरी,
खाऱ्या हवेनं गंजलेल्या टाचण्या,
आणि पानं इतकी फुगलेली
की दप्तर मिटता मिटत नाही.

मी साहेबांची लघुलेखक. एकोणीस वर्षं.
सकाळी त्यांच्या शब्दांच्या रेघा करते,
जाड, बारीक, मध्येच एक टिंब;
दुपारी रेघांचे पुन्हा शब्द.
त्यात माझं काही नसतं.
नसावं, अशी अपेक्षा आहे.

नियमित दिवाणी अपील. वाद वाटेचा.
वाडीपासून खाडीपर्यंत
होडी ओढून नेण्याची वहिवाट, रुंदी सहा फूट.
पूर्वेस सडक. दक्षिणेस खवळ्यांचं घर.
उत्तरेस अपिलार्थ्याचा नवा चिरेबंदी गडगा.
पश्चिमेस भरतीची रेषा.
ही चतुःसीमा मी चार वेळा टाईप केली
आणि भरतीची रेषा चारही वेळा
होती तिथेच राहिली.

देऊबाई गणू खवळे.
खाली ती वादी होती, वर आल्यावर उत्तरवादी झाली.
निशाणी बावीस, तिचा जबाब:
वय अंदाजे साठ, धंदा मासळीविक्री.
मग उलटतपास.
हे म्हणणे खरे नाही की तेथे वाट कधीच नव्हती.
हे म्हणणे खरे नाही की आम्ही होडी वळसा घालून नेत असू.
हे म्हणणे खरे नाही की मी नवऱ्याच्या सांगण्यावरून खोटे सांगते.
नवरा मयत आहे.

हे शेवटचं वाक्य तेवढं तिचं.
बाकीची सगळी वकिलाची,
त्यातला फक्त ‘नाही’ तिनं घातलेला.
खाली निळा अंगठा.
आणि समासात, कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात:
साक्षीदार हाताने रुंदी दाखवते.

किती, ते लिहिलेलं नाही.

बुधवारी साहेब निकाल सांगत होते.
“वादीने जबाबात रुंदीचे निश्चित माप दिलेले नाही. सबब…”
माझी पेन्सिल ‘सबब’पाशी थांबली.
“साहेब, निशाणी बावीस. समासात.”
त्यांनी पान काढलं, चष्मा कपाळावर सरकवला,
कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. दोनदा.
वाईट माणूस नाही. मला रागावलेही नाहीत.
“हात केले असतील हो,” म्हणाले,
“पण हातांचं माप कुठाय?”
पंखा फिरत होता. शिरस्तेदार खिडकीबाहेर बघत होते.
“सबब. पुढे घ्या.”

मी पुढे घेतलं.

पंधरवड्यानं नक्कल विभागाच्या खिडकीशी एक म्हातारी.
आतला कारकून डबा खायला गेलेला.
मी ओळखलं नाही. ओळखणार कशी,
मी तर फक्त अंगठा पाहिलेला.
तिनं पावती पुढे केली तेव्हा नाव वाचलं.

“काय झाला गो बाय?”
“अपील अंशतः मंजूर.”
“अंशतः म्हंजे किती?”

एकोणीस वर्षांत हा शब्द
मी किती वेळा टाईप केला असेल,
आणि हे मला कुणी विचारलं नव्हतं.
“तीन फूट,” मी म्हटलं.

तिनं पिशवी खाली ठेवली.
दोन्ही हात पसरले,
तळवे समोरासमोर:
मधे होडी, आणि तिच्या दोन्ही अंगांना
लोटणाऱ्या माणसांपुरती जागा.
मागचा एक पक्षकार जरा बाजूला सरकला,
होडीला वाट द्यावी तसा.

मग तिनं हात जवळ आणले. निम्म्यावर.
मधल्या जागेकडे बघत राहिली.
“टोपली जाईल,” म्हणाली.
“होडी काय डोक्यावर घेऊ?”

कारकून आला, हात पुसत.
एकवीस पानं. शेवटच्या पानावर शिक्का: खरी नक्कल.
तिनं पैसे मोजून दिले, सुटे,
आणि कागद मासळीच्या पिशवीत न घालता
पदराखाली धरला.

निशाणी बावीस त्यात नव्हती.
तिच्या नकलेसाठी वेगळा अर्ज लागतो.
हे मी तिला सांगायला हवं होतं का,
ठरेपर्यंत ती पायऱ्या उतरून गेली होती.