कॅरिबियन, दुसऱ्यांदा

साकोलीहून अर्जुनीकडे जाताना
धानाच्या गंज्या संपतात तिथे निळी कमान :
कॅरिबियन बीच रिसॉर्ट.
गावातले लोक करबियन म्हणतात,
जणू कुणा मालगुजाराचं आडनाव.

सात वर्षांपूर्वी आलो होतो
तेव्हा कमानीला टेकून पत्र्याची पाटी होती :
बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.
मी ती दोनदा वाचली.
आजवर कुठल्याच दारावर
आमच्या बाजूने काही लिहिलेलं नव्हतं.

मालकाने समुद्र पाहिला होता टीव्हीत.
वैनगंगेची रेती, अठरा ट्रॅक्टर,
जुन्या तलावाच्या काठी आणून ओतली,
वर तणसाच्या छत्र्या,
आणि चार नारळ, चुकीच्या बसमधून उतरल्यासारखे.
मनगटाला लाल पट्टा बांधायचे.
पट्टा दाखवला की चहा, तर्री-पोहे,
पाहिजे तितके, हिशेब नाही.
राईस मिलच्या काट्यावर जन्मभर
ग्रॅम ग्रॅम मोजणारे आमचे हे
पहिल्या दिवशी अकरा चहा प्यायले.

आणि तीन दिवस कुणी विचारलं नाही.
बारशात विचारतात, बचत गटात विचारतात,
एस.टी.तली अनोळखी बाईसुद्धा
तिकीट फाटायच्या आत विचारते :
किती लेकरं?
इथे कुणासोबतच नव्हती,
म्हणून आमच्यासोबतही नव्हती. एवढंच.

संध्याकाळी पाच वाजता, उजेडात,
मी गाऊन घालून गुडघाभर पाण्यात शिरले.
काठावर बेशरम फुललेली, जांभळी, भरगच्च.
हे म्हणाले, "तू अन् हे झाड एकाच जातीचे."
मी ओंजळभर तलाव त्यांच्यावर फेकला.

तो लाल पट्टा मी रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवला होता.

या वर्षी परत आलो.
कमान तीच, रंग उडालेला. पाटी नाही.
आत पिवळी घसरगुंडी, फुगवलेला बदक,
आणि पोट्टे, पोट्टे, पोट्टे.
"आता फॅमिली चालवतो काका," मालक म्हणाला,
"नुसत्या जोडप्यांवर लाईट बिल निघत नाही."
खोली तीच, चार नंबर.
पडदा बदललेला. पाल बहुतेक तीच.
अर्धी रेती तलावाने परत नेली होती,
अर्धी कुणाच्या तरी घरकुलाने.

सकाळी नाश्त्याला शेजारच्या टेबलावर
ब्रह्मपुरीची बाई, तीन लेकरं.
एकाचं तोंड पुसता पुसता म्हणाली,
"तुमाले किती जी?"

माझा चमचा तर्रीतच थांबला.
ह्यांनी मान वर न करता,
काट्यावर वजन सांगतात त्या आवाजात
सांगितलं, "दोन."

"मोठे झाले असतीन?"

"झाले ना. एकाचे गुडघे दुखतात.
दुसरी रात्रभर झोपत नाही,
अन् मंग दुसऱ्यालेही झोपू देत नाही."

बाई आमच्याकडे बघत राहिली.
तर्री माझ्या नाकात गेली,
डोळ्यांतून पाणी,
हे पाठ थोपटत होते आणि गंभीर,
अगदी तराजूसारखे गंभीर.

दुपारी तिच्याच मधल्या पोराने
आमच्या चपलांमध्ये रेती भरून ठेवली.
नीट भरली होती, दाबून दाबून.

सांजच्याला मागच्या काठाला गेलो,
जिथे ढिवर शिंगाड्याच्या डोंग्या लावतात.
चिखलावर पत्रा टाकलेला, भांडी घासायला.
राखेखाली अक्षरं, उलटी :
वर्षांखालील. मग गंज. मग नाही.

मी त्यावर उभी राहिले.
चपला झटकल्या, पाय धुवायला वाकले.
कोपराला मागून ह्यांचा हात.
"घसरशीन," म्हणाले,
"अन् मले काही आता तुले उचलता येत नाही."

पाणी थंड होतं.
पलीकडे अडयांचा थवा शिट्ट्या वाजवत उतरत होता.
पाय केव्हाच स्वच्छ झाले होते,
मी अजून थोडे धुतले.