हातउसनं

कलोंडू मावशी,
तुझ्या मक्याचा नमुना आज माझ्याच टेबलावर आला.
पाकिटावर गाव, वजन, तारीख,
आणि खाली : साठवण, पलंगाखाली.
अक्षर मुमोचं. तुझ्या नातवाचं.
'साठवण'मधला ठ उलटा, पण खरं लिहिलंय पोरानं.

मकुएनीच्या त्या टेकड्यांवर
कुणी म्हणतं करणी, कुणी म्हणतं कावीळ.
तू वॉर्डात, सहाव्या खाटेवर,
डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा.
आणि मी इथे वोटेच्या प्रयोगशाळेत
तुझं पीठ चाळते, तोंडाला फडकं बांधून.

बुरशीचं तुला सांगू?
तिचं स्वतःचं असं फार नसतं गं.
विकरं आहेत तिच्याकडे, पंचविसाच्या वर,
एकेक कसबी,
पण गवंडी येतो तो थापी न घेता,
तसे बरेचसे रिकाम्या हातांचे.
मग हातउसनं.

आधी सहा कार्बनांचं विरजण.
त्यावर एक विकर बसतं, लांब लवचीक हाताचं.
तो हात जीवनसत्त्वाचा केलेला,
आरोग्यसेविका तुला ब-च्या गोळ्या द्यायची ना,
त्याच घराण्यातला.
हात झुलतो, तीन कार्बन उचलतो,
एक वाऱ्यावर सोडतो, दोन जोडतो.
असं सात वेळा.
साखळी वाढते, स्वतःभोवती वळते, कड्या पडतात,
आणि पहिला रंग चढतो : केशरी.
विष आधी सुंदर होतं,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे हमाल लागतो हायड्रोजनचा.
येतो, ओझं टाकतो, रिकामा जातो,
भरून पुन्हा दारात.
कुणी कार्बनची एक टोपी आणून चढवतं.
केशरी पिवळं होतं, पिवळं फिकट.
शेवटी लोखंडाचा एक अणू,
चार नायट्रोजनांच्या मध्ये मांडी घालून बसलेला,
हवेतला प्राणवायू फोडतो,
जसा तू दारात बसून शेंगा फोडायचीस,
तितकाच सहज.

झालं.
अतिनील दिव्याखाली धरलं की निळं चमकतं.
आता तेच बघतेय मी.

पण मावशी, हे अजून अर्धकच्चं आहे.
बुरशी शेवटची पायरी चढतच नाही.
ती पायरी काळजात आहे,
त्या कसायाच्या पाटीतल्या काळजासारख्याच
तुझ्या तांबड्या, राबत्या काळजात.
तिथेही लोखंड, तसंच मांडी घातलेलं.
तिथेही तोच हमाल.
काळजाला वाटतं, परकं आलंय, धुऊन बाहेर काढू.
म्हणून ते एक प्राणवायू चिकटवतं,
आणि ते तिथेच पेटतं.
पेशीच्या पोथीतल्या एका अक्षराला
असं घट्ट बसतं की
अक्षर वाचता येत नाही.
साफसफाईतच घात झाला, मावशी.
तुझाच स्वभाव तो.

गेल्या साली कणगी फोडून नेली चोरांनी,
म्हणून तू मका उशापाशी घेतलास.
पाऊस लांबला होता. कणसं ओली.
जमीन ओल सोडत होती रात्रभर
आणि तू त्यावर झोपलीस, राखणीला.

बुरशीनं जे जे मागितलं ते तिला मिळालं :
लोखंड, हमाल, टोपी, तो झुलता हात.
तू फक्त एक ताडपत्री मागितली होतीस,
वाळवणापुरती.
मी म्हटलं, रविवारी आणते.
मग त्यानंतरच्या रविवारी.

मर्यादा दहाची आहे.
यंत्रानं आकडा दिलाय, मी तो लिहिलेला नाही.
नमुना पुन्हा लावलाय.
यंत्र चुकत नाही, हे मला माहीत आहे,
तरी लावलाय.

ताडपत्री माझ्या दाराआड आहे.
निळी. घडी न मोडलेली.
किमतीची चिठ्ठी तशीच.