बघण्यासारखं

ओडिल देक्लर्कच्या दुकानात
गांडुळं फ्रीजमध्ये, दुधाशेजारी.
इथे बघण्यासारखं काय, असं कुणी विचारलं
की आधी सुटे पैसे मोजते, मग बोट दाखवते:

तो बोटींचा धक्का. ती वाचनालयामागची बाग.
अन् तिकडे, जिथे आता गाड्या लावतात,
लाकडी झुलगाडी होती. जळाली.
माझ्या आईची एक किंकाळी
वरच्या वळणावरच राहून गेली.

फ्रेंच आले, त्यांनी जमीन
साडीच्या काठासारखी फाडली,
अरुंद, लांबच लांब,
प्रत्येकाच्या वाट्याला
तळ्याचा एक घोट यावा म्हणून.
आता घोटाघोटाला कुंपण.
दोन बंगल्यांच्या फटीतून
दिसलं तर दिसतं पाणी.

दारूबंदीच्या हिवाळ्यांत
गोठलेल्या तळ्यावरून
कॅनडातून मोटारी यायच्या, रात्री,
दिवे बंद, दारं सताड उघडी,
बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी.
आजोबा याबद्दल कधी बोलले नाहीत.
फक्त मोटारीत बसले
की हात दाराच्या कडीवर.
जुलैतसुद्धा.

"त्यांच्यासोबत कोण असायचं?"
पाहुणा विचारतो.
ओडिल गांडुळांचा डबा पुढे सरकवते.
साडेचार डॉलर.

जानेवारीत दुकान बंद करून
ती चालत जाते किनाऱ्यापासून लांब,
बर्फाला ताटाएवढं भोक पाडते,
उलट्या बादलीवर बसते.
गळाला पर्च लागतो, वीतभर.
सोडून देते.
मग गळ गुंडाळून झाल्यावरही
भोकावर वाकून
बघत राहते.