चौथं बटण

डॅशबोर्डवर बटणं तीन:
दोन चाकं. चार चाकं. चार चाकं, हळू.
दोन चाकं, हळू – असं कुणाला हवं असेल
हे डेट्रॉइटच्या त्या टेबलावर
कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही.
त्यांच्यातल्या कुणी मेंढपाळाचं चाकांवरचं घर
उलटं लावलं नसावं
नेवाडात, चढावर, सुक्या टणक मातीत,
ज्युनिपरच्या दोन झाडांमध्ये.

एलेउतेरिओ लावतो. दर बारा दिवसांनी.
गवत संपतं, मेंढ्या पुढे सरकतात
आणि त्याचं घर – एक पलंग, एक चूल,
वर पत्र्याची कमान –
ट्रकच्या मागे मुकाट चालतं.
पुढे जाताना तक्रार नाही.
मागे जाताना घराला स्वतःचं मत फुटतं.

साध्या गिअरात रेटलं तर ट्रान्समिशन तापतं,
करपल्या साखरेसारखा वास.
लो-मध्ये टाकलं की पुढची चाकं जागी होतात,
वळायचं म्हटलं की खूर रोवतात,
टायर उड्या मारतात, स्टिअरिंग मनगटाला हिसका देतं.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
"बेगोन्या," तो म्हणाला, "याला ताकद दे,
पण पुढच्या दोघांना गप्प बसव."
वीस वर्षांत बिघाडाचं इतकं नेमकं वर्णन
मी कुठल्याच गिऱ्हाइकाकडून ऐकलं नव्हतं.

रविवारी, चर्च चुकवून, मी ट्रकखाली.
पाठीखाली पुठ्ठा, कपाळावर दिवा.
ट्रान्सफर केसच्या कुशीला चिकटलेली
मुठीएवढी मोटर. तिला हात लावायचा नाही.
ती हुकूम ऐकते, दाते बदलते, तिचं बरोबर आहे.
मला हवी होती पुढच्या अ‍ॅक्सलकडे जाणारी तार,
जी सांगते: तूही ये.

आकृतीत ती तपकिरी.
ट्रकखाली तपकिरी काहीच नव्हतं,
किंवा सगळंच होतं: धूळ, ग्रीस,
उंदराचं घरटं, आमच्याच लोकरीचं.
तासाभरानं सापडली. हिरवी.
जोडावर माझ्या वडिलांची चिकटपट्टी,
वळसे उलटे, कारण ते डावरे.
ते आता बॉइसीला पत्ते खेळतात.
फोन केला. इथे काय दुरुस्त केलं होतं तुम्ही?
"चालतंय ना?" ते म्हणाले. "मग."
मी ती पट्टी सोलली नाही.
तिच्यापुढे चार बोटं सोडून कापलं.

दोन टोकं. मधे एक स्विच,
पाण्याच्या पंपाचा उरलेला,
अ‍ॅशट्रेच्या जागी बसवला.
आता संगणक म्हणतो: चारही, हळू.
दाते हळूवर येतात,
पुढचा दांडा इमानानं फिरत राहतो
आणि ते फिरणं चाकांपर्यंत पोचत नाही.

मी दोनदा बजावलं:
चिखलात, बर्फात हा वर कर.
विसरलास तर चार चाकांच्या भरवशावर
दोन चाकांनी दरीत जाशील.
त्यानं तिसऱ्यांदा माझ्याकडून म्हणवून घेतलं.

मग इंजिन. कुत्रा आपण होऊन बाजूला.
घर उलटं निघालं, पाऊल पाऊल,
चाकं टोकापर्यंत वळलेली,
उडी नाही, हिसका नाही.
चुलीवरची किटली सुद्धा वाजली नाही.
मी उगाच हात वर करून उभी होते,
थांब म्हणायला.

डॅशबोर्डवर मात्र पिवळा दिवा लुकलुकायला लागला.
संगणकाला कळलंय,
हाक मारली तर कुणीतरी ओ देत नाही.
एलेउतेरिओनं मेंढ्यांवर खूण करायच्या लाल रंगाचा
एक ठिपका त्या दिव्यावर दिला,
आणि उरलेल्या बोटभर रंगानं स्विचखाली
आपल्या आईच्या भाषेतला एक शब्द लिहिला.
काय आहे, मी विचारलं.
"हळू," तो म्हणाला. मग जरा थांबून,
"नुसतं हळू नाही.
काठोकाठ भरलेलं भांडं नेताना जसं."

रंगाखालून दिवा अजून लुकलुकतो,
नारिंगी.