सात बाय अकरा

माग गेले किलोवर.
सहाच्या सहा, वडगावच्या या शेडमधून
उद्यमबागच्या काट्यावर.
पावतीवर लिहून आलं : बीड, जुनं.

मग रेणुका हलगेकर आली भाड्यानं.
मामा, मला मोठी भिंत पाहिजे, म्हणाली,
खिडकी नसली तरी चालेल.
भिंत होती. खरं म्हणजे भिंतीशिवाय
उरलंच काय होतं.

सात फूट बाय अकरा फूट कापड चौकटीवर ताणलं तिनं.
मी टिचकी मारून बघितली.
डावीकडं ढिलं आहे म्हटलं.
होतंच ढिलं. बोटाला कळतं ते.

आठ महिने.
आधी सगळं खानापूरच्या कौलासारखं तांबडं,
मग ते खरवडलं पत्र्यानं,
मग राख, मग एक निळा
जो मी चाळीस वर्षांत कुठल्या रंगाऱ्याकडं बघितला नाही.
मी त्यात शोधत बसायचो काहीतरी :
राकसकोपचं पाणी, पाठमोरी बाई, चूल.
सापडलं की तिला दाखवायचो,
आणि दुसऱ्या दिवशी नेमकं तेवढंच
पुसून टाकलेलं.
मग बैल दिसला तेव्हा
गप्प बसलो.

किंमत लावली चार लाख.
रात्री हिशेब घातला : फुटाला
पाच हजार एकशे चौऱ्याण्णव, वर ऐंशी पैसे.
एका नऊवारीत याहून जास्त कापड असतं.
तिची मजुरी सांगत नाही. हसाल.

टिळकवाडीचे डॉक्टर आले, विचारलं
निळा थोडा कमी करून मिळेल काय.
एकानं मोबाईल उलटा धरून फोटो काढला
आणि म्हणाला, असंही बरं दिसतंय की.
एक जण नुसता चहा पिऊन गेला.

धारवाडची बाई आली ती
उपड्या पिंपावर बसली तासभर.
काही बोलली नाही.
उठताना एवढंच :
हे वाळलंय का?

बिलावर चित्राचं नाव मागितलं.
नाव ठेवलेलंच नव्हतं.
रेणुकानं लिहिलं 7 × 11.
आकड्यांना कुणी काळं फासत नाही, मामा.

दार सहा फुटांचं.
माग गेले ते सुटे होऊन गेले,
हे कसं सुटं करायचं?
कापड उतरवलं खिळ्यांवरून.
माळ्यावर वडिलांच्या हातमागाची तूर होती,
सागवानी, भंगारवाल्याला न दाखवलेली.
ती काढली, पुसली,
आणि दोघांनी मिळून गुंडाळायला घेतलं.
मी सवयीनं चांगली बाजू आत घालत होतो, पदरासारखी.
ओरडलीच ती.
रंग बाहेर ठेवायचा, मामा,
आत घातला की तडे जातात.

असंही असतं तर.

टेंपोवाला हुक्केरीचा.
इदेन्री? म्हणाला, वजन उचलताना.
बट्टी, मी म्हटलं. कापड.
खोटं काय त्यात.

भिंतीवर आता एक कोरा चौकोन आहे,
चारी कडांनी सांडलेले रंग.
चुना मारायला माणूस आला होता.
आज नको म्हटलं. मग उद्याही.

परवा फोन आला, धारवाडचा.
रेणुकाचा लागत नव्हता,
टेंपोच्या पावतीवर नंबर माझा.
चौकट झाली, बाई म्हणाल्या, भिंत झाली,
चार माणसं धरून उभी आहेत,
पाठीमागचा बाण पुसलाय,
वरची बाजू कुठली?

उजवा कोपरा बघा, म्हटलं, गडद आहे तो.
तो खाली घ्या.
आणि जरा नीट बघून,
पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

कुणाचे पाय?

मागं कुणीतरी म्हणत होतं, लवकर, हात भरून आलेत.
मी म्हटलं, बाई, इथं रेंज नाही.