दक्षिणेचा, अठरा

सहा पायांवर उभी आहे ही खोली,
विचिटाच्या पूर्वेला, टायरच्या दुकानामागे.
पूल वर ओढला, दार लावलं
की आत मी म्हणेन ते हवामान.

डाव्या खुर्चीत एल्रॉय श्राग, वय एकसष्ट.
तीस वर्षं गव्हावर औषध फवारत आला
पिवळ्या, एका इंजिनाच्या विमानातून,
विजेच्या तारांखालून घुसून पलीकडे उसळत.
आता त्याच्या बियाणेवाल्या मालकाने जेट घेतलंय,
छोटं, सहा माणसांचं,
आणि विचारलंय, जमेल का?

पहिल्याच दिवशी म्हणाला, ही माझ्याशी बोलत नाही.
खरंय. तेलाचा वास नाही, काचेवर किडे नाहीत.
खोली नुसती मागे कलते
आणि पाठीला वाटतं, वेग आला.
पडद्यावरचा गहू बारा महिने हिरवा.
जूनची वीस तारीख, एल्रॉय पुटपुटला,
हा एव्हाना कापायला हवा होता.

मी मागे, अंधारात.
बोटाखाली धुकं, बर्फ, पाखरांचा थवा
आणि कोपऱ्यात एक लहानसा चौकोन: डावं इंजिन.

शंभर नॉटच्या आसपास एक आकडा असतो.
त्याच्या अलीकडे काही बिघडलं तर थांबायचं.
पलीकडे, नाही. पलीकडे जायचंच.

त्याने आकडा ओलांडला. मी बोट टेकवलं.
त्याचा हात झटकन मागे आला, नाक खाली,
डोळे समोर शेत शोधू लागले.
सहा वेळा.
सहाही वेळा कुंपण, गहू, लाल पडदा,
मग माझं बटण
आणि पुन्हा धावपट्टीच्या तोंडाशी आम्ही दोघं,
साधं खरचटलंही नाही.

आमच्यात, तो म्हणाला, इंजिन गेलं म्हणजे गेलं.
मग समोर येईल ते शेत आपलं.
दोनदा उतरलोय तसा.
एकदा उनरूंच्या ज्वारीत. भरपाई दिली.

इथे दुसरं आहे, एल्रॉय.
माहीत आहे, तो म्हणाला.
शाळेत बेरीज करताना हातचा एक धरायचा, मी म्हटलं,
तसं धर.
तो हसला नाही. हाताकडे बघत राहिला,
शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघावं तसा.

(मी स्वतः अकरा वर्षांत उडाले नाही.
कानात काहीतरी फिरतं, डॉक्टर सही देत नाहीत.
इथले तास वहीत वेगळ्या रकान्यात लिहितात.
त्या रकान्यात मी कितीदा कोसळले
ते मोजायचं सोडून दिलंय.)

सातवी खेप.
आकडा गेला. बोट टेकलं.
नाक डावीकडे ओढलं गेलं
आणि त्याचा उजवा पाय आधीच तिथे होता.
तारांखालून तीस वर्षं गेलेला पाय,
त्याला कुणी काही शिकवायला नको होतं.
डावा पाय नुसता पडून, बिनकामाचा:
जो पाय मेला, तेच इंजिन मेलं.
हात थरथरला. मागे आला नाही.
चारशे फूट. सातशे.
अर्ध्या बळावर, नाक किंचित वाकडं धरून,
हळू, फार हळू,
हिरवा गहू खाली खाली जात राहिला.

यापुढे मी आग द्यायची असते.
अभ्यासक्रमात तसंच आहे.
मी ढग बाजूला केले आणि गप्प बसले.
पंधराशे फुटांवर तो म्हणाला, अच्छा.
एवढंच. जणू कुणी पत्ता नीट सांगितला.

पूल खाली आला. बाहेर डांबर वितळायच्या बेतात,
लांब कुठेतरी खरोखरची कापणी चाललेली,
हवेत भुसा.
पिकअपचं दार उघडण्याआधी
त्याने टोपी काढली, गाल वळवला.
दक्षिणेचा, म्हणाला. अठरा.

दिवसभर मी पश्चिमेचा दिला होता, दहाचा.

तो गेल्यावर आत आले.
सकाळी आठला दुसरं कुणीतरी येणार,
नाव अजून वाचलेलं नाही.
दिवा न लावता पडदा जागा केला
आणि वारा बदलला.